राऊत आणि इतर

डॉ. गोकुळदास रामचंद्र नार्वेकर, राहणार मौजे नार्वे, तालुका डिचोली. जन्म दाखल्याप्रमाणे नऊ ऑगस्ट एकोणीसशे एकोणचाळीस, आईच्या म्हणण्याप्रमाणे त्याच्या आदल्या वर्षीची चवथ. शिक्षण एम.डी., मुंबई. ओळखीची खूण, उजव्या भुवईवर चामखीळ. पद, वैद्यकीय संशोधन अधिकारी, प्रादेशिक रोगसंशोधन उपकेंद्र, डिचोली. प्रकाशित शोधनिबंध, एक. पैकी प्रथम लेखक या नात्याने, निरंक. अन्य संशोधकांनी घेतलेली दखल, निरंक. वर्तणूक, समाधानकारक. सदर तपशील सेवापुस्तिकेवरून पडताळून पाहिला असता बरोबर आढळला.

उपकेंद्र डिचोलीच्या बाजारात एका पदेराच्या भट्टीवर, माडीवरच्या दोन खोल्यांत होतं. पहाटे खाली पाव भाजले जात आणि वरची जमीन दहा वाजेपर्यंत कोमट राही. जंतूंची वाढ करायला लागणारी तापवणीची पेटी मंजूर झाली होती, आली नव्हती. तिची उणीव पदेर आपल्या नकळत भरून काढत होता. मंजूर पदं चार होती. त्यांतलं एक डॉक्टर नार्वेकर, उरलेली तीन रिक्त. रिक्त पदांचा मासिक अहवाल मात्र पणजीला जावा लागे. तो डॉक्टर स्वतःच्या हाताने भरत आणि वेळेवर पाठवत.

माणूस सरळ होता. घरी कोकणी बोले, पत्रं मराठीत लिही, शास्त्र इंग्रजीत करी, आणि या तिन्हींत कधी भांडण आहे असं त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. पुढे भाषेचा वाद पेटला तेव्हा दोन्ही बाजूंचे लोक सह्या गोळा करत माडी चढून आले. डॉक्टरांनी दोन्ही कागदांवर सही केली, एकावर कोकणीत, दुसऱ्यावर मराठीत. दोन्ही सह्या हुबेहूब सारख्या होत्या. त्यामुळे दोन्ही बाजू त्यांच्यावर रागावल्या, पण तो राग पावसाळ्यापर्यंतच टिकला.

त्यांच्या एकुलत्या एका निबंधाची गोष्ट त्याआधीची, एक्याऐंशी सालची.

लाटंबार्शाच्या पुढे, डोंगराच्या पोटाला करमळेवाडा आहे. खाली भात, वर काजू आणि डोंगराच्या पाठीवर लोखंडाची खाण. ट्रकांनी उडवलेली तांबडी धूळ कौलांवर, केळींवर, वाळत टाकलेल्या धोतरांवर सारख्याच आपुलकीने बसे. विहिरीच्या पाण्यालाही लोखंडाची चव होती. आणि अशा त्या वाड्यातल्या बायका पांढऱ्याफटक होत्या. चढणीवरून दोन कळश्या आणल्या की तिसरीच्या आधी पायरीवर टेकायच्या. डॉक्टरांनी सहज म्हणून पाच जणींचं रक्त पाहिलं, तर त्यात लोह नव्हतं. लोखंडाच्या डोंगराखाली राहणाऱ्या माणसांच्या रक्तात लोखंड नसावं, ही गोष्ट डॉक्टरांना फार आवडली. ती आवडल्याची त्यांना लाजही वाटली. मग त्यांनी ठरवलं की सगळा वाडाच तपासायचा, चारशे बारा माणसं.

रक्त द्यायला वाड्याने नकार दिला नाही. तोंडावर नकार देण्याची डिचोली तालुक्यात पद्धत नाही. वाडा एवढंच म्हणाला की आधी मानकरी.

करमळेवाड्यात सगळं मानाप्रमाणे चालतं. ग्रामदेवी सातेरीच्या पालखीला पहिला खांदा राऊतांचा, दुसरा परबांचा, तिसरा गुरवांचा. होळीचा नारळ, जत्रेतला प्रसाद, लग्नातलं पान, सगळं याच क्रमाने. एकदा वाड्यात गोठ्याला आग लागली तेव्हा बाबुराव परब भरलेली कळशी हातात घेऊन, धाकू राऊत शेतातून येईपर्यंत उभा राहिला होता, असं सांगतात. गोठा जळला, पण क्रम मोडला नाही.

हा धाकू सोमा राऊत पहिला मानकरी. साठीचा, काटक, मराठी दुसरीपर्यंत शिकलेला. पायांत आयुष्यात कधी वहाण घातली नव्हती आणि घालणाऱ्यांविषयी त्याचं मत फारसं चांगलं नव्हतं. वाड्याच्या वतीने देवीशी बोलायचं, म्हणजे गाऱ्हाणं घालायचं, ते त्याचं काम. त्याने डॉक्टरांना देवळात नेलं, शंभू गुरवाला देवीच्या अंगावर पाकळ्या लावायला सांगितलं आणि गाऱ्हाणं घातलं की बाये माये, या डॉक्टरने वाड्याचं रगत मागितलं आहे, ते द्यावं असं तुझ्या मनात असेल तर उजवा कौल दे, आणि त्या रगताचं जे काय होईल त्यावर मानकऱ्यांची नावं मानाप्रमाणे पडतील असं कर. पाकळी उजवी पडली. कौल मिळाला तो असा अटीसकट मिळाला. डॉक्टरांना वाटलं, नावं म्हणजे नोंदवहीतली. ते हो म्हणाले.

रक्त क्रमाने निघालं. पहिलं बोट धाकूने पुढे केलं, दुसरं बाबुराव परबाने, तिसरं शंभू गुरवाने, आणि मग वाडा. दुसऱ्या नमुन्याच्या वेळी मात्र क्रम राहिला नाही. त्यासाठी डॉक्टरांनी आकडे घातलेल्या पत्र्याच्या डब्या वाटल्या होत्या. लोक सकाळी त्या डब्या देवळामागच्या दगडी गडग्यावर ठेवत आणि मागे न बघता निघून जात. डॉक्टर त्या गोळा करून पिशवीत भरत, पिशवी मांडीवर घेऊन बसने डिचोलीला येत. पिशवीत काय, असं एकदा कंडक्टरने विचारलं. सरकारी काम, असं डॉक्टर म्हणाले. मग खाली पाव भाजले जात असताना वर एकेक डबी उघडत. पदेराला हे कधी कळलं नाही आणि डिचोलीने पाव खाणं सोडलं नाही.

चौदा महिन्यांनी काम संपलं. निघालं ते असं, की वाड्याच्या आतड्यात अंकुशकृमी नावाचा केसासारखा बारीक जंत होता. तो अनवाणी पायातून शिरत होता आणि आत बसून रक्त पीत होता. माणसं परसाकडे काजूखाली जात, काजूही त्याच झाडांखाली वेचत, आणि दोन्ही कामं अनवाणी करत. डॉक्टरांनी सगळ्यांना गोळ्या दिल्या. मग देवळाच्या मंडपात वाड्याला जमवून तासभर भाषण केलं, चित्रं दाखवली. पण धाकूचं सगळं लक्ष कोण कुठे बसलंय याच्यावर होतं, आणि बाकीच्यांचं धाकूवर. भाषणात काय होतं ते कोणाच्याच लक्षात राहिलं नाही. बैठक मात्र व्यवस्थित झाली, असं वाड्याचं मत पडलं.

निबंध टंकित करून झाल्यावर डॉक्टरांनी तो विलायतेच्या एका मोठ्या त्रैमासिकाला पाठवायला घेतला, आणि नेमका त्याच दिवशी धाकू मोसमातल्या पहिल्या नीरमाची बाटली घेऊन माडीवर आला. काजूच्या पिकल्या बोंडांतून आपसूक गळलेला तो थंडगार रस डॉक्टरांना आवडे. बाटली मेजावर ठेवून धाकूने कौलाची आठवण दिली. डॉक्टर बाटलीकडे बघत राहिले. मग घरी जाऊन त्यांनी आईला विचारलं. त्यांची आई रुक्मिणी नार्व्याच्या घरातलं सर्वोच्च न्यायालय होती. तिने भाकरी थापता थापता निकाल दिला.

"पालखीक खांदो कोण दिता, तें गाव बगता. देव कोणें घडयलो, तें कोण विचारता?"

त्रैमासिकाच्या नियमात लिहिलं होतं की लेखकांची नावं कामातल्या वाट्याप्रमाणे द्यावीत. डॉक्टरांनी प्रामाणिकपणे हिशेब मांडून पाहिला. रक्त वाड्याचं, जंत वाड्याचे, अशक्तपणा वाड्याचा. आपलं काय, तर भिंग. तेही सरकारचं. तेव्हा नावं पडली ती अशी: राऊत, परब, गुरव आणि नार्वेकर. पत्रव्यवहाराचा पत्ता, डॉ. डी. एस. राऊत, करमळेवाडा. 'डॉ.' हे अक्षर डॉक्टरांनी घातलं नव्हतं. ते विलायतेतल्या संपादकाने आपल्या मनाने, सौजन्य म्हणून घातलं.

त्र्याऐंशी साली निबंध छापून आला. सोबत पंचवीस सुट्या प्रती आल्या. त्या धाकूने सातेरीच्या पायांशी ठेवल्या, वर फूल ठेवलं आणि मानाप्रमाणे घरोघर वाटल्या.

मग कार्डं यायला लागली.

त्या काळी परदेशातल्या संशोधकाला एखादा निबंध वाचायला हवा असला की तो लेखकाला एक छापील कार्ड टाकी: प्रिय डॉक्टर अमुक, आपल्या निबंधाची एक प्रत कृपया पाठवावी. करमळेवाड्यात पहिलं कार्ड ब्राझीलहून आलं. धाकूची सून सुमंगला मॅट्रिकपर्यंत शिकलेली. तिने पडवीत उभं राहून ते वाचलं, आणि त्यात कोणी मेलेलं नाही एवढं आधी सांगून टाकलं. मग केनियाहून आलं, मग हंगेरीहून, मग एकाच आठवड्यात चार. सगळी 'प्रिय डॉक्टर राऊत' अशी सुरू होणारी. पोस्टमन ती वाटेत तीन घरांना दाखवून मग धाकूकडे पोचवी. धाकूने ती भिंतीवर, देवाच्या तसबिरींच्या खालच्या ओळीत चिकटवली. बाबुराव परबाच्या कपाळावर आठी दिसायला लागली तेव्हा धाकूने दुसऱ्या मानाचा विचार करून हंगेरी परबांना दिली आणि केनिया गुरवांना. पुढे त्या दोन देशांतून काही आलं की ते परस्पर त्या त्या घरी जाई.

धाकूच्या धाकट्या मुलाला पेडण्याची चांगली सोयरीक आली. मुलीचा बाप भिंत बघून गेला आणि सुपारी फोडायलाच परत आला.

एकेका कार्डाला उत्तर देणं हे डॉक्टर नार्वेकरांचं काम. महिन्यातून एकदा सुमंगला कार्डावरचे पत्ते कागदावर उतरून पाठवी. डॉक्टर मग पदरच्या पैशाने काढलेली नक्कल पाकिटात घालत, सोबत चार ओळी लिहीत आणि खाली 'डी. एस. राऊत यांच्या वतीने' अशी सही करत. कधी उशीर झाला तर धाकू बाजाराच्या दिवशी माडी चढून येई आणि खालच्या आवाजात विचारी की बेल्जमाचां काय झालां.

सत्याऐंशी साल उजाडलं. गोवा राज्य झालं. राज्य झाल्यावर उपकेंद्र हे उपकेंद्र राहणं शोभेना. त्याचं राज्य केंद्र करायचं ठरलं आणि प्रमुखाचं एक नवं पद निघालं. डॉक्टरांना ते पद हवं होतं. पगारासाठी नव्हे, निदान फक्त पगारासाठी नव्हे. ब्याऐंशी साली दिलेल्या गोळ्यांनी जंत मेले होते, पण माणसं अनवाणीच राहिली. त्यामुळे जंत परत आले होते, आणि बायका पुन्हा तिसऱ्या कळशीआधी पायरीवर टेकत होत्या. पुन्हा पाहणी करावी, पुन्हा औषध द्यावं, असा प्रस्ताव डॉक्टरांनी तीनदा वर पाठवला. तीनदा तो परत आला, कारण प्रस्तावकाच्या नावावर स्वतःचं संशोधन नव्हतं. प्रमुख झालं म्हणजे पाहणी आपल्या सहीने काढता येत होती. एवढाच त्यांचा हट्ट होता.

दुसरे उमेदवार पणजीचे डॉ. सिद्धेश प्रभू. वय चौतीस, निबंध एकतीस.

अर्जाच्या नमुन्यात दोन रकाने नवीन होते. प्रथम लेखक म्हणून निबंध किती, आणि त्या निबंधांचा इतरांनी आपल्या लिखाणात किती वेळा संदर्भ घेतला. हे दुसरं मोजायचं कसं, तर त्यासाठी विलायतेत दरवर्षी जाडजूड ग्रंथ निघत. कोणी कोणाचं नाव घेतलं याची सगळ्या जगाची यादी त्यांत मुंगीएवढ्या अक्षरांत असे. डॉक्टर कचेरीतलं भिंग खिशात घालून पणजीला गेले आणि एका ग्रंथालयात अख्खा दिवस बसले. यादीत निबंध फक्त पहिल्या लेखकाच्या नावाखाली लावलेले होते. नार्वेकर या नावाखाली काही नव्हतं. एका नारंगाच्या नंतर एक नासिर येत होता, मध्ये टाचणी शिरायला जागा नव्हती. मग त्यांनी भिंग 'राऊत डी. एस.' वर नेलं.

अठ्ठावन्न. त्यांनी दोनदा मोजलं. नायजेरिया, थायलंड, स्वीडन, कलकत्ता. करमळेवाड्यातल्या जंताची दखल अख्ख्या पृथ्वीने घेतली होती. डॉक्टरांना इतका आनंद झाला की शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला त्यांनी तो रकाना दाखवला. बसमध्ये बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आनंद धाकूचा आहे.

जाता जाता त्यांनी प्रभू हेही नाव पाहून घेतलं होतं. एकतीस निबंधांचे संदर्भ चार, त्यांतले तीन डॉ. प्रभूंनी स्वतःच घेतलेले.

अर्ज घेणाऱ्या कारकुनाला त्यांची कीव आली. पहिल्या लेखकाने लिहून दिलं, की मुख्य काम नार्वेकरांचं आणि आपलं नाव केवळ मानाचं, तर समिती विचार करील, असं त्याने सुचवलं. डॉक्टर तसा कागद मराठीत लिहून करमळेवाड्याला गेले. धाकूने त्यांना बसायला कदेल दिली, सुमंगलेकडून कागद दोनदा वाचून घेतला आणि भिंतीवरची कार्डं एकेक करून पाहिली.

"डाक्टरबाब, भात मागा, माड मागा, हूं म्हणतंय," तो शेवटी म्हणाला. "मान माजो न्हय. तो घराचो. आज्यान बापाशीक दिलो, बापाशीन माका दिलो. मी तुमका कसो देतलंय?"

डॉक्टर म्हणाले की द्यायचा नाही, फक्त लिहून द्यायचं आहे.

"लिवन दिलो म्हणजे गेलोच मगे," धाकू म्हणाला. "आनी आटावन्न गावांनी माजां नाव घेतलां म्हणतास. तेंका काय सांगतलास, खोटो माणूस?"

डॉक्टरांनी कागदाची घडी केली. ते उठले. धाकू त्यांना गडग्यापर्यंत सोडायला आला आणि तिथे म्हणाला की सही करणार नाही, पण साक्ष देईन, खरं सांगायला मान आड येत नाही, दिवस कळवा.

मुलाखत अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत, पणजीला झाली. मांडवीचा पूल पडून दीड वर्ष झालं होतं, त्यामुळे दोघांनी बेतीला उतरून फेरीबोटीने नदी ओलांडली. धाकू पांढरं धोतर, काळा कोट आणि अनवाणी पाय अशा थाटात होता. जत्रेला तो असाच जाई.

बाहेरच्या बाकावर डॉ. सिद्धेश प्रभू आपली एकतीस निबंधांची चवड मांडीवर घेऊन बसले होते. हे राऊत, असं डॉक्टरांनी सांगताच ते उठून उभे राहिले, हात जोडले आणि त्या निबंधाची एक प्रत मिळेल का, असं त्यांनी विचारलं. संपल्यात, असं धाकूने सांगितलं.

समितीचे अध्यक्ष उत्तरेकडचे, या विषयातलं मोठं नाव. त्यांनी स्वतः दोनदा राऊतांचा संदर्भ घेतलेला होता. साक्षीदार म्हणून डी. एस. राऊत आले आहेत असं कळल्यावर त्यांनी चष्मा पुसला. धाकू आत आला तेव्हा ते खुर्चीतून उठले. धाकूला त्यात वेगळं काही वाटलं नाही. मानकरी आल्यावर लोक उठतातच.

गोव्यातलेच एक सदस्य दुभाषे झाले. अध्यक्षांनी पहिला प्रश्न विचारला की पाहणीसाठी हाच वाडा आणि हीच माणसं कशी निवडली. धाकूने सांगितलं की सातेरीच्या अंगावर पाकळ्या लावल्या, उजवी पडली. दुभाष्यांनी क्षणभर विचार केला आणि निवड यादृच्छिक पद्धतीने झाली, असं इंग्रजीत सांगितलं. ते चूक नव्हतं. अध्यक्षांनी मान डोलावली.

मग त्यांनी विचारलं की या कामात नार्वेकरांचा वाटा नेमका किती. डॉक्टर खाली बघत बसले. धाकूने आधी सगळ्यांना एकदा हात जोडले, गाऱ्हाण्याच्या आधी जोडतात तसे.

"पयलां रगत माजां. दुसरां परबाचां, तिसरां गुरवाचां," तो म्हणाला. "पण वाड्याच्या चारशे बारा माणसांचो गू ह्या माणसान तपासलो. एकट्यान, चवदा म्हयने. तो मान आमच्यातलो कोणूच मागूक गेलो नाय."

दुभाष्यांनी भाषांतर केलं, त्यातला एक शब्द लॅटिनमध्ये घातला. टिपण घेणाऱ्या कारकुनाने हे असंच लिहायचं का, असं हळूच विचारलं. अध्यक्ष मात्र डॉक्टरांकडे बघत होते, पहिल्यांदाच नीट. त्या दोन मिनिटांत डॉ. गोकुळदास नार्वेकर केंद्राचे प्रमुख झाल्यासारखेच होते.

तेवढ्यात अध्यक्षांनी, निव्वळ आदरापोटी, आणखी एक प्रश्न विचारला. या सगळ्या कामाचा राऊतसाहेबांच्या मते मुख्य निष्कर्ष काय?

धाकूने प्रश्न समजून घेतला. छताकडे पाहिलं, कोटाचं बटण चाचपलं. मग डॉक्टरांकडे वळून त्याने विचारलं, "काय हो, काय लिवलंय मिया?"

कोणी हसलं नाही. अध्यक्षांनी फाईल मिटली. आपण दोन ग्रंथांत ज्याचा हवाला दिला त्या माणसाकडे ते एकदा डोक्यापासून पायांपर्यंत बघून घेत होते. पायांवर त्यांची नजर जरा थांबली.

परतीच्या फेरीबोटीत दोघे कठड्याला टेकून उभे होते. धाकू म्हणाला की माझ्यामुळे बिघडलं. डॉक्टर नाही म्हणाले, पण त्यांना खोटं नीट बोलता येत नसे. मग बेती येईपर्यंत करायला काही नव्हतं, म्हणून धाकूने पुन्हा तेच विचारलं, की त्या कागदावर आहे तरी काय. गेल्या पाच वर्षांत त्याला ते कोणी सांगितलं नव्हतं. अठ्ठावन्न माणसांनी वाचलेला निबंध पहिल्या लेखकाने वाचलेला नव्हता.

डॉक्टरांनी सांगितलं. भाषण न करता, चित्रं न दाखवता, बोटीच्या घरघरीत सांगितलं, की जंत मातीत असतो, तळपायातून शिरतो, आतड्याला आकड्यासारखा लटकतो आणि रक्त पितो. वाड्यातल्या बायका पांढऱ्या पडतात त्या त्याने. सुमंगलेचं पहिलं मूल पोटात गेलं, तेही बहुधा त्यानेच. उपाय सोपा, काजूत जाताना पायांत काहीतरी घालायचं.

बोट धक्क्याला लागली, माणसं उतरायला लागली, तरी धाकू कठडा धरून उभा होता.

"म्हणजे अनवाणी फिरू नका, असां मिया लिवलंय?"

"होय, धाकूबाब."

"माज्या नावार?"

"पहिलंच नाव तुमचं."

धाकूने आपल्या पायांकडे पाहिलं, साठ-पासष्ट वर्षं ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं. "आनी मी असोच फिरतंय," तो म्हणाला. "आटावन्न जणांत कोण येवन बघलो आसतो तर?"

डिचोलीला उतरल्यावर तो करमळेवाड्याच्या बसकडे गेला नाही. बाजारात शिरला आणि रबरी चपलांचा जोड घेऊन आला. तो घालून तो बसपर्यंत चालला तो निखाऱ्यांवरून चालल्यासारखा, गुडघे उचलून. भट्टीच्या दारात उभा असलेला पदेर बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकू राऊत चपला घालून काजूत गेला. वाड्याने ते पाहिलं. बाबुराव परबाने दोन दिवस विचार केला. पहिल्या मानकऱ्याने एखादी गोष्ट केली की दुसऱ्याने ती करायची असते, नाहीतर मान सोडल्यासारखं होतं. रविवारी त्याने चपला आणल्या. मंगळवारी शंभू गुरवाने. तोवर वाडा थांबून होता, कारण गुरवाच्या आधी कोणाला घालता येत नव्हत्या. बुधवारी डिचोलीच्या दुकानातले सात आणि आठ नंबरचे जोड संपले. डॉक्टरांनी ब्याऐंशी साली तासभर भाषण करून जे झालं नव्हतं, ते नऊ दिवसांत झालं, आणि क्रमाने झालं.

निकालाचं पत्र मार्चमध्ये आलं. राजभाषेचा कायदा झाल्यामुळे ते कोकणीत होतं, मराठीत होतं, आणि समजावं म्हणून इंग्रजीतही होतं. समितीने श्री. राऊत यांच्या साक्षीची आस्थेने नोंद घेतली होती. तथापि प्रथम लेखकत्वाची अट शिथिल करता येत नसल्याने डॉ. सिद्धेश प्रभू यांची नेमणूक करण्यात येत होती. डॉ. प्रभू एप्रिलमध्ये रुजू झाले. भट्टीवरच्या त्या खोलीत एप्रिल त्यांना मानवला नाही. चौथ्या दिवशी ते रजेवर गेले आणि रजेवरूनच पणजीला बदलून गेले. प्रमुखपदाचा अतिरिक्त कार्यभार, पुढील आदेश होईपर्यंत, डॉ. नार्वेकर यांनी सांभाळावा असं ठरलं. पुढील आदेश नऊ वर्षं झाला नाही.

अतिरिक्त कार्यभारातल्या प्रमुखाला सगळ्या सह्या करता येतात, फक्त त्या पदाचा पगार मिळत नाही. डॉक्टरांनी पहिली सही करमळेवाड्याच्या गोळ्यांवर केली आणि एक्याण्णव साली दुसरी पाहणी काढली. या वेळीही डब्या गडग्यावर आल्या, या वेळीही त्यांनीच उघडल्या. बहुतेक डब्यांत काही सापडलं नाही. काही न सापडल्याचा निबंध कोणी छापत नाही, म्हणून त्यांनी तो लिहिला नाही. शिवाय लिहिला असता तर नावांचा क्रम ठरलेलाच होता.

सत्त्याण्णव साली ते निवृत्त झाले. त्या दिवशी सेवापुस्तिकेत अखेरची नोंद झाली, ती अशी: डॉ. गोकुळदास रामचंद्र नार्वेकर यांनी विहित वयोमानानुसार सेवानिवृत्ती स्वीकारली. एकूण सेवा तीस वर्षे. प्रथम लेखक या नात्याने प्रकाशने, निरंक. संशोधनाचा प्रभाव, निरंक. येणे बाकी, एक भिंग, ते परत मिळाले.

करमळेवाड्यातली माणसं काजूत जाताना चपला घालतात.